अकरा शून्यांची साखळी

१

बहरमपुरात खागड्याला काशाची भांडी घडवणाऱ्यांची आळी आहे. सकाळी सातला हातोड्या सुरू होतात, त्या दिवेलागणीलाच थांबतात. त्या आळीच्या तोंडाशी, होमिओपॅथीच्या दवाखान्यावर, एक माडी. माडीवर एकच खोली. त्या खोलीत अणिमा पोद्दार बसायची. ह्या गोष्टीच्या वेळी तिला तिथे बसून बावीस वर्षं झाली होती. टायपिंग करून द्यायची. अर्ज, करारनामे, लग्नाच्या पत्रिका, आणि पुस्तकं.

पुस्तकांचं म्हणाल तर आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक कवी. माणसाचे दात पडायचे राहतील, पण तो पुस्तक काढायचा राहायचा नाही. ते सगळे अणिमादीचा जिना झिजवायचे. कारण तिच्यासारखं मुखपृष्ठ अख्ख्या जिल्ह्यात कुणाला जमत नसे.

मुखपृष्ठ करणारी मंडळी कलकत्त्याला जाऊन शिकून येतात, त्यांची सॉफ्टवेअरं वेगळी. हिच्याकडे तसलं काही नव्हतं. ज्यात अर्ज टाइप करायचा, त्यातच मुखपृष्ठ करायचं. कुंचला नाही की रंगाची डबी नाही. आहेत ती अक्षरं, रेघा आणि तक्ते. पण हाताला देवाचं देणं होतं. बंगालीत वाक्य संपलं की उभी रेघ देतात. ती रेघ जराशी कलती करून तिने हजारदा टाइप केली आणि एका पुस्तकावर असा पाऊस पाडला की बघणाऱ्याने छत्री शोधावी. कंस आडवा पाडून होडी केली. बालगीतांच्या एका पुस्तकावर तर नुसत्या स्वल्पविरामांचं मांजर, मिशांसकट.

छापखान्याचा मोफिज शेख म्हणायचा, "दीदी, लोक फाडलेल्या दुधाच्या छान्याचा रसगुल्ला करतात. तुम्ही भाताच्या पेजेचा करता."

"आणि तू तो छापताना पाकात बुडवून मारतोस. गेल्या खेपेचा निळा रंग कुठे गेला होता रे? गंगास्नानाला?"

"नीळ महाग झाली दीदी, ती नखऱ्यात आहे."

तिचा तोरा एकाच गोष्टीचा होता. कणा. मागचं पान, मधला कणा आणि पुढचं पान, असं तिन्ही एकाच आडव्या कागदावर ओळीने करावं लागतं. पानं किती, कागद किती जाड, त्यावर कण्याची रुंदी ठरते. केसभर चुकलं तरी नाव पाठीवरून घसरून कुशीवर येतं. नवखा माणूस तिथेच पकडला जातो. बावीस वर्षांत अणिमादीचा एक कणा चुकला नव्हता.

२

पौष सरता सरता निरापद मंडल जिना चढून आले. शहात्तर वर्षांचे. धोतर, शाल, हातात काठी. एका डोळ्यात काचबिंदूने अंधार करून टाकलेला, दुसऱ्यात तो यायला निघालेला. पंचवीस वर्षांपूर्वी ते पद्मेच्या काठी खेजूरडांगा गावात शाळामास्तर होते. ते गाव आता नाही. भाद्रपदातल्या एका दिवसात नदीने काठ कापत कापत सगळं पोटात घातलं, एकशे बारा घरं. माणसं निघाली, ती बंधाऱ्यालगत कॉलनी करून राहिली.

मास्तरांनी त्या एकशे बारा घरांचं पुस्तक लिहिलं होतं. घरामागून घर. कुणाच्या अंगणात कसलं झाड, कुणाची गाय मारकी, कुणाच्या घरची संक्रांतीची गोड पिठी जिभेवर विरघळायची. शहाण्णव पानं. आतला मजकूर अणिमादीनेच टाइप केला होता आणि करताना दोनदा पदर डोळ्याला लावला होता.

"मा," मास्तर म्हणाले. म्हातारी माणसं लेकीच्या वयाच्या बाईला अशीच हाक मारतात. "सरस्वतीपूजेला पुस्तक देवीच्या पायाशी ठेवायचं आहे. कॉलनीच्या शाळेत. सगळे येणार. ज्याला त्याला त्याचं घर मी वाचून दाखवणार. गावाचा दुसरा कागद नाही गं. जमिनीचा उतारा नाही, फोटो नाही. ह्यात जे आलं तेवढंच गाव. आणि माझा हा डोळा तोवरच आहे."

"सोळा दिवस आहेत मास्टरमशाय. मी सहा दिवसांत देते."

तिसऱ्या दिवशी तिने त्यांना बोलावून दाखवलं. काय सुचलं होतं त्या बाईला! तीन उभ्या रकान्यांचा तक्ता. डाव्या रकान्यात, म्हणजे मागच्या पानावर, दाराची डावी फळी. उजव्यात उजवी. मधला अरुंद रकाना म्हणजे कणा. तो तिने काजळासारखा काळा केला, दोन फळ्यांमधली फट. तक्त्याच्या आडव्या रेघांच्या लाकडी पट्ट्या झाल्या, जाड ठिपक्यांचे खिळे झाले. आणि कण्यावरून, ह्या फळीवरून त्या फळीवर, एक साखळी. अकरा शून्यं टाइप करून, मधली मधली थोडी खाली उतरवून, तिला झोळ दिलेला. पुस्तक हातात धरलं की एक फळी दिसावी. उघडून पालथं टाकलं की अख्खं दार.

मास्तर नाक काचेला टेकेपर्यंत वाकले.

"साखळी कशाला?"

"बाहेरून साखळी म्हणजे घरची माणसं कुठे गेली आहेत, येतील. आणि तुम्हीच लिहिलंय ना, गाव सोडताना दारं लावत गेलात म्हणून."

ते पुस्तकात होतंच. नदी अंगणापर्यंत आलेली, आणि हा माणूस घरोघर जाऊन हाक मारतो, आत डोकावतो, कुणी नाही म्हटल्यावर साखळी कोयंड्यात अडकवतो. साखळी लागली म्हणजे घर रिकामं. होडीतली माणसं लांबून साखळ्या मोजत होती. शेवटची लागली तशी होडी सुटली.

"जे घर संध्याकाळी नदीत जाणार, त्यालाही कडी लावून निघणारी आपली माणसं," अणिमादी हसून म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. "ही काढलीस तर?"

"मग नुसतं दार राहील. ते सुतारही करतो."

"बरं," मास्तर म्हणाले आणि काठी टेकत उतरून गेले. मातीच्या भांड्यातला चहा तसाच राहिला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फाइल उघडली. शेवटचा हात फिरवायचा आणि मोफिजकडे पाठवायची, एवढंच उरलं होतं. सवयीने कण्याचं माप पाहिलं.

शहाण्णव पानं म्हणजे अठ्ठेचाळीस कागद. कणा साडेपाच मिलिमीटर. तिने साडेपाचच ठेवला होता. आता सात होता.

ती घाबरली वगैरे नाही. त्या सॉफ्टवेअरची खोड तिला ठाऊक होती. तक्त्यातल्या रकान्यात मजकूर वाढला की रकाना आपणहून पसरतो. आतल्याला जागा हवी असते, तो शेजाऱ्याला ढकलतो. तेव्हा कण्याच्या रकान्यात चुकून काहीतरी पडलं असणार. एखादं अक्षर, नाहीतर नुसती मोकळी जागा. न दिसणाऱ्या खुणा दिसाव्यात म्हणून एक कळ असते. ती तिने दाबली.

कण्यात काही नव्हतं.

"कर हट्ट," ती रकान्याला म्हणाली. रुंदी साडेपाचवर आणली आणि रकान्यांनी आपणहून पसरू नये अशी खूण करून ठेवली. दिवसभर एका वकिलाचे कागद केले. संध्याकाळी जाण्यापूर्वी पुन्हा पाहिलं. साडेपाच. यंत्र बंद केलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

सकाळी नऊ.

तिने किल्लीकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बावीस वर्षं जी बोटं चुकली नाहीत ती म्हातारी झाली की काय, ह्याचंच तिला जास्त लागलं. तिने अख्खा तक्ता मोडला आणि नव्याने आखला. पट्टी पट्टी, खिळा खिळा. साखळी पुन्हा टाइप केली, मोजून अकरा. सगळ्याचं नाव बदलून नव्या फाइलमध्ये ठेवलं आणि ती नमुना काढायला मोफिजकडे पाठवली.

त्यापुढच्या सकाळी, नव्या फाइलमध्ये, बारा.

४

मोफिज नमुन्याचा कागद घेऊन जिन्यातूनच ओरडत आला.

"दीदी! हे पुस्तक आहे की पावाची लादी? शहाण्णव पानांना बारा मिलिमीटरचा कणा! आत काय भरायचंय, तेवढं सांगा, मी मुरमुरे आणतो."

"मी तुला साडेपाचचा पाठवला होता."

"मी तर बाराचा छापला." त्याने पोलादी पट्टी कागदावर ठेवली. थट्टा करता करता त्याचा आवाज उतरला, कारण अणिमादीचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता. "असू दे दीदी. यंत्र आहे. त्यालाही थंडी वाजते. मी कडेने कापून देतो."

"कापून दिलेला कणा माझा नव्हे."

तो गेल्यावर तिने कागद दुमडला. दोन घड्या घालून पुस्तकासारखा मिटला आणि हाताने दाबला. तो मिटेना. मिटायचा, पण हात काढला की दोन्ही फळ्या हळूच लांब व्हायच्या. कागद जाड आहे, तिने स्वतःला सांगितलं. आणि खरंच, कागद जाड होता.

मग तिची नजर साखळीवर गेली.

झोळ नव्हता. मधली शून्यं तिने मोजून खाली उतरवली होती, पाळण्याच्या दोरीसारखी. आता ती अकराच्या अकरा एका ओळीत उभी होती, ह्या फळीपासून त्या फळीपर्यंत सरळ, ताठ. कणा रुंद झाला तर साखळी अपुरी पडायला हवी, नाहीतर फळीवरून सुटून यायला हवी. सुटली नव्हती, ताणली गेली होती.

खाली आळीत हातोड्या चालल्या होत्या. टण्, टण्, टण्. त्या आवाजांत एक आवाज बारीक होता. एक ठोका, मग थांबणं, मग दोन ठोके. दोन-तीन दिवसांपासून तो तिच्या कानावर होता. नवा कारागीर असेल, हात बसला नसेल, असं तिने धरलं होतं.

त्या दुपारी आळीत लग्न निघालं. मोठ्या कासाराच्या मुलीचं. दोन वाजता सगळ्यांनी हातोड्या खाली ठेवल्या, माणसं नवे कपडे घालून पंगतीला गेली, आळी अशी गप्प झाली की पायाखालच्या दवाखान्यात डॉक्टर बाटलीत गोळ्या ओततो ते वर ऐकू यावं.

एक ठोका. थांबणं. दोन ठोके.

आवाज खालून येत नव्हता. अणिमादीने हात पुढे केला, संगणकाच्या काचेला तळवा लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. काच गरम नव्हती. गार होती, ओल्या मातीसारखी.

५

पळून जाणारी बाई ती नव्हे. खुर्ची पुढे ओढून ती नीट बसली.

कणा अठरा मिलिमीटर झाला होता. अठरावर थांबला होता. ती तासभर बघत बसली, तो पुढे सरकला नाही. आणि मग तिला आपोआप कळलं, जसं कुठल्याही बाईला कळेल. बाहेरून साखळी असलेलं दार आतून ओढलं तर साखळी जितकी ताणते तितकंच किलकिलं होतं. दोन-तीन बोटांचं. त्याच्यापुढे नाही.

तिने चित्र मोठं केलं. दुप्पट, चौपट. फळ्या दोन्हीकडून पडद्याबाहेर गेल्या, मध्ये नुसता काळा कणा राहिला. आणखी मोठं केलं. काळ्यात, साखळीच्या उंचीवर, डाव्या फळीच्या कडेला, काहीतरी फिकट होतं. तांदळाच्या दाण्याएवढे चार ठिपके, एकाखाली एक. धूळ असेल म्हणून तिने पदराने काच पुसली. ठिपके काचेवर नव्हते. माऊस नेऊन दाबून पाहिलं. काही निवडलं गेलं नाही. तिने काढलेलं काही तिथे नव्हतंच.

आणखी एक पट मोठं करायला तिचं बोट कळेवर गेलं आणि तिथेच राहिलं. ते तिने केलं नाही. तेवढ्यासाठी तिला शहाणी म्हणायला हवं.

चित्र लहान करून तिने आतल्या पानांची फाइल उघडली. एकशे अकरा घरं. प्रत्येकाला अर्धं पान, पाऊण पान, कुणाला दोन. झाडं, गायी, पिठी, भांडणं. आणि शहाण्णवाव्या पानावर, सगळ्यात वर, एकशे बारावं घर. टाइप करताना तिला वाटलं होतं, मास्तर शेवटी थकले असतील.

"तरुबाला हालदार. एकटी. आधीच बहिणीकडे गेली."

एवढंच. झाड नाही, गाय नाही. त्याच्याखाली सगळं पान पांढरं.

तिने मोफिजला फोन लावला. "मास्टरमशायना घेऊन ये. आत्ता. फटफटीवर बसवून आण."

"त्या वयात फटफटीवर?"

"कमरेला गमछा बांध आणि आण."

६

मास्तर वर आले तेव्हा साडेचार वाजले होते. खिडकीतून थंडीतलं पिवळं ऊन जमिनीवर पडलं होतं. मोफिज खाली चहाच्या टपरीवर थांबला. अणिमादी काही सांगणार, त्याआधीच म्हातारा दारात उभा राहून ऐकायला लागला.

एक ठोका. थांबणं. दोन ठोके.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही साखळी बघून गेलात त्या दिवसापासून."

ते खुर्चीवर बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. स्क्रीनकडे पाहिलं नाही.

"तरुचं घर काठावर होतं," ते म्हणाले. "अगदी काठावर. अंगणात भेग पडलेली, बोट जाईल एवढी. सगळ्या साखळ्या झाल्या होत्या, तिची एक राहिली होती. होडीतली माणसं ओरडत होती, मास्टरमशाय, लावा आणि या. ती सकाळच्या होडीने बहिणीकडे गेली असं तिचा पुतण्या सुबल म्हणाला होता. त्याने तिला होडीजवळ बघितलं होतं. ती कशाला परत आली असेल ते मला माहीत नाही गं. मी ओसरीवर चढलो. तीनदा हाक मारली..."

साखळी खणकन वाजली. हातोडीसारखी नव्हे. साखळीसारखी.

मास्तरांची मान खाली गेली.

"एकदा मारली," ते म्हणाले.

पुन्हा वाजली.

त्यांनी डोळे मिटले, दिसणारा आणि न दिसणारा. "हाक नाही मारली. आत डोकावलो नाही. पायाखाली जमीन हलत होती. साखळी अडकवली आणि पळालो."

तिला विचारायचं नव्हतं, पण कुणीतरी विचारायला हवं होतं.

"आणि आवाज?"

"होडी सुटल्यावर. वीस हात गेली असेल. साखळी वाजायला लागली. सुबल म्हणाला, मास्टरमशाय, कसला आवाज? मी म्हटलं, वारा. वारा नव्हता त्या दिवशी. पान हलत नव्हतं."

ह्यावर काही वाजलं नाही.

अणिमादी उठली, पाणी दिलं, शाल त्यांच्या खांद्यावर नीट केली. मग कीबोर्ड पुढे ओढला. "सांगा. एकशे बारावं घर."

मास्तरांनी सांगितलं. तरुच्या अंगणात बोराचं झाड होतं. शाळेची पोरं चोरायची आणि ती खोटं खोटं रागवायची. दोन शेळ्या होत्या. तिच्यासारखा खजुराचा गूळ गावात कुणी आटवत नसे. मग त्यांनी साखळीचं सांगितलं. अणिमादीची बोटं चालत राहिली. शहाण्णवावं पान भरत आलं, आणि जिथे मजकूर संपला तिथे पानही संपलं. एक ओळ वर नाही, एक खाली नाही.

"आता मुखपृष्ठ उघड," मास्तर म्हणाले. "ती साखळी मी लावली. मीच काढणार."

तिने त्यांचं बोट धरून कळेवर ठेवलं. एक शून्य गेलं. दुसरं गेलं. प्रत्येक कळेला ते पुटपुटत मोजत होते, वर्गात पोरांची हजेरी घ्यावी तसे. नऊ गेली. दहा गेली. एका शून्यावर दार धरलेलं होतं.

"हाक मारा," अणिमादी म्हणाली. तिला स्वतःलाही कळलं नाही ती का म्हणाली.

म्हातारा पुढे वाकला. "तरु," तो म्हणाला. "ए तरु. आहेस का गं आत?"

आणि बोट दाबलं.

काळा रकाना उघडला. कसं सांगायचं? फळ्या दोन्ही बाजूंना गेल्या आणि सगळा पडदा काळा झाला, वरपासून खालपर्यंत, आणि तो नुसता काळा नव्हता, त्याला खोली होती. नदीकाठच्या ताज्या तुटलेल्या मातीचा वास खोलीत आला. अणिमादीने बघितलं ते इतकंच. काळ्याच्या आत, कमरेएवढ्या उंचीवर, पांढऱ्या साडीची एक कड, ओली. मग तिने मान फिरवली. तिच्या पायाजवळून गार काहीतरी गेलं, वाकलेल्या बाईच्या चालीने, घाई न करता. दाराला कापडी पडदा होता. वारा आला की तो आत यायचा. तो त्या वेळी बाहेर गेला, खांद्याने बाजूला सारावा तसा, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन पडला. जिन्याच्या लाकडी पायऱ्या वाजल्या. एक, मग थांबणं, मग दोन.

खाली मोफिजचा आवाज आला, "कोण उतरतंय? मास्टरमशाय, सांभाळून हां!"

मास्तर खुर्चीतच होते.

अणिमादीने बऱ्याच वेळाने स्क्रीनकडे पाहिलं. दोन फळ्या शेजारी शेजारी होत्या. कणा साडेपाच.

७

पंचमीच्या दिवशी आमच्याकडे पुष्पांजली होईपर्यंत कुणी अक्षर वाचत नाही, लिहीत नाही. पुस्तकं, दौती, सगळं देवीच्या पायाशी. अणिमादीने आपला कीबोर्डसुद्धा नव्या गमछ्यात गुंडाळून नेला होता. त्याच्या शेजारी खेजूरडांग्याचं पुस्तक.

अंजली झाल्यावर मास्तर वाचायला उभे राहिले. पोरं, म्हातारे, बायका, सगळी कॉलनी शाळेच्या पटांगणात. ज्याचं घर येई तो ओरडे, "आमचं, आमचं!" मारक्या गायीला हशा झाला. पिठीवरून दोन जावा पंचवीस वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा भांडल्या. असं करत करत एकशे बारावं घर आलं.

मास्तरांनी ते वाचलं. एक शब्द गाळला नाही. वाचून पुस्तक मिटलं आणि उभे राहिले, कुणी काही फेकलं तर अंगावर घ्यावं तसे.

मग मागून सुबल हालदार उठला. आता तोही साठीचा, बाजारात भाजी विकतो. तो पुढे आला. त्याला वाचता येत नाही. त्याने पुस्तक हातात घेतलं.

"कुठे लिहिलंय? आवाजाचं?"

मास्तरांनी त्याचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. सुबलने बोट तिथेच ठेवलं, दाबून.

"म्हणजे आवाज होता," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं मला वाटत होतं, माझंच डोकं फिरलंय."

आणि तो तिथेच खाली बसला. मास्तर त्याच्या शेजारी बसले. सुबलने त्यांना बसू दिलं. माफ केलं की नाही, हे त्यालाच ठाऊक. आपण कोण विचारणार?

प्रसादाची खिचडी वाढली जात असताना मोफिज पुस्तक उघडून, पालथं धरून अणिमादीकडे आला. "दीदी, आजवर पुष्कळ कामं बघितली तुमची. पण ह्याला तोड नाही. तुमचे हात सोन्याने मढवावेत. साखळी काढली म्हणालात, आणि ही अशी ठेवलीत!"

डाव्या फळीवर साखळी लोंबत होती. सुटलेली. खालचं टोक जरा तिरकं, आत्ताच कुणीतरी सोडली आणि अजून हलायची थांबली नाही, अशी. सगळ्या प्रतींवर.

अणिमादीने कडी कडी मोजली. अकरा. तिच्या फाइलमध्ये साखळी नव्हती, आणि पुढे कितीदा उघडून पाहिली तरी दिसली नाही.

आपल्या कामाचं कौतुक कुणी केलं की पदर सावरून दोन शब्द जास्तीचे ऐकून घेणारी बाई ती. त्या दिवशी म्हणाली, "हे काम माझं नाही रे," आणि पुस्तक हळूच उघडं ठेवलं. मिटलं नाही.

तिची खोली अजून चालते. संध्याकाळी ती यंत्र बंद करते, किल्ली हातात घेते, आणि साखळी लावण्याआधी उंबऱ्यावर थांबून त्या रिकाम्या खोलीत हाक मारते, "आहे का कुणी आत?" आधी आळीतली माणसं हसायची. आता आम्ही सगळेच हाक मारतो. हाक मारायची, उत्तर येत नाही ना ते ऐकायचं, मग कडी घालायची.

परवा अणिमादीने हाक मारली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली. मग साखळी न लावताच घरी गेली.